9 मिनिटं 21 सेकंदांची कादंबरी

ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायची म्हटलं की आधी साल ठरवावं लागतं. मला पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, पण अगदी उंबरठ्यावरचं साल हवं होतं. त्या दहा-बारा वर्षांत चोरांकडे मोटार आली, पोलिसांकडे बोटांचे ठसे आले, जहाजांवर बिनतारी यंत्रं बसली. आणि तरीही पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्ट न दाखवता सरहद्द ओलांडता येत होती. पळणाऱ्याला वाट मोकळी आणि मागे लागणाऱ्याच्या हातात नवी कोरी, पण अर्धवट हत्यारं. साहसकथेला आणखी काय लागतं?

1911 वर बोट ठेवलं ते मात्र एका कायद्यामुळे. 9 मार्च 1911 च्या या फ्रेंच कायद्यानुसार 10 तारखेला, शुक्रवारी, मध्यरात्री फ्रान्समधली घड्याळं 9 मिनिटं 21 सेकंद मागे घेतली गेली. तोवर फ्रान्स पॅरिसच्या वेळेवर चालत होता. पॅरिस लंडनमधल्या ग्रिनिचच्या पूर्वेला, त्यामुळे तिथे बारा तेवढे आधी वाजायचे. 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचला शून्य रेखावृत्ताचा मान मिळाला तेव्हा फ्रान्सने मत दिलंच नव्हतं. सत्तावीस वर्षांनी नमतं घेतलं, तेही कसं, तर कायद्यात ग्रिनिचचा उल्लेखच नाही. देशाची वेळ म्हणजे ‘पॅरिसची वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे घेतलेली’. पठ्ठ्यांनी इंग्रजांची वेळ घेतली, पण नाव काही घेतलं नाही.

यात रेल्वेची वेगळीच गंमत होती. फ्रेंच स्टेशनांच्या बाहेरचं घड्याळ शहराची वेळ दाखवायचं, तर आत फलाटावरचं मुद्दाम पाच मिनिटं मागे असायचं, धावतपळत येणाऱ्यांना गाडी सापडावी म्हणून. नव्या कायद्याबरोबर ही सवलतही गेली. म्हणजे त्या रात्री बाहेरचं घड्याळ 9 मिनिटं 21 सेकंद थांबवायचं आणि आतलं फक्त 4 मिनिटं 21 सेकंद.

हे वाचलं त्या दिवशी दुसरं काही सुचेना. एका शहरात, एकाच रात्री घड्याळाच्या तीन वेळा: शहराची जुनी, फलाटावरची आणि नवी! पात्रं, कथानक, नायिका सगळं मागून आलं. आधी आला तो ॲलिबाय, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो याचा पुरावा.

तो असा. स्टेशनापासून दोन गल्ल्यांवर एका जडजवाहिराच्या व्यापाऱ्याचा खून होतो. वरच्या मजल्यावरचा शेजारी सांगतो, गोळीचा आवाज 12 वाजून 10 मिनिटांनी आला. संशय सेक्रेटरीवर. पण त्याला गार द्यु नॉर या स्टेशनाच्या फलाटावर 12 वाजून 8 मिनिटांनी तिकीट तपासनिसाने पाहिलंय, आणि तपासनिसाला वेळ पक्की आठवते, कारण थांबवलेलं घड्याळ नुकतंच पुन्हा चालू झालं होतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. गोळीच्या आधी दोन मिनिटं माणूस फलाटावर. सुटला.

आता शेजाऱ्याचं घड्याळ जुन्याच वेळेवर असेल तर? फलाटावरचे 12 वाजून 8 मिनिटं म्हणजे जुन्या पॅरिस वेळेचे 12 वाजून 17 मिनिटं 21 सेकंद. सेक्रेटरी दिसला तो गोळीच्या आधी दोन मिनिटं नव्हे, नंतर 7 मिनिटं 21 सेकंदांनी. दोन गल्ल्या धावायला, कोट झटकायला आणि श्वास सारखा करायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

मी खूश. पहिला खर्डा भराभर उतरला आणि तो मी आमच्या ओळखीतल्या एका घड्याळजीकाकांना वाचायला दिला. जन्मभर घड्याळं उघडून बसलेला माणूस. त्यांनी खून, पाठलाग, नायिका यांवर अवाक्षर काढलं नाही.

“अगं, हे 21 सेकंद तू कुठून मोजतेस?” ते म्हणाले. “घरातलं किल्लीचं घड्याळ आठवड्यात सहज दोन-चार मिनिटं मागंपुढं जातं. तुझ्या शेजाऱ्याचं बरोबर होतं हे कोण सांगतंय?”

मी काही बोलायच्या आत दुसरं आलं. “आणि सगळ्या शहराला माहीत होतं ना, आज घड्याळं बदलणार म्हणून? मग पोलिसांनी पहिला प्रश्न हाच विचारायला नको, की बाबा रे, कुठल्या वेळेचे बारा-दहा?”

दोन्ही आक्षेप बिनतोड होते, आणि कादंबरीला खरा आकार त्यांनीच दिला.

दुसऱ्याचं उत्तर आधी सापडलं. त्या काळातल्या साक्षी मी तेव्हा वाचतच होते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांची 1674 पासून 1913 पर्यंतची छापील इतिवृत्तं आता घरबसल्या वाचता येतात, आणि फ्रेंच वर्तमानपत्रांसाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ हा डिजिटल संग्रह आहे. साक्षी वाचायचा नाद लागतो, हे आधीच सांगून ठेवते. माणसं वेळ कशी सांगतात ते बघावं: घंटा झाली तेव्हा, गस्तीचा शिपाई गेला त्यानंतर, गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा. कागदावर या सगळ्याचं आटून ‘सुमारे सव्वाबारा’ होतं. मला हेच हवं होतं. त्या रात्री पॅरिसमध्ये घड्याळं बदलल्याचं कोणाला माहीत नव्हतं असं नाहीच. माहीत नव्हतं ते कागदाला. शेजाऱ्याचा जबाब आठवड्याने, दुसऱ्याच अंमलदाराने घेतला. तोवर सगळं शहर नव्या वेळेला सरावलेलं. त्याने विचारलं, किती वाजता? म्हाताऱ्याने सांगितलं, बारा-दहा. लिहून झालं, सही झाली. चार महिन्यांनी नायिकेच्या हातात पडली ती ही एक ओळ.

पहिल्या आक्षेपाने मात्र जीव खाल्ला. ज्याच्या घड्याळावर भरवसा ठेवता येईल आणि तरीही ज्याचं घड्याळ जुन्या वेळेवर असेल, असा माणूस आणायचा कुठून? घड्याळ लावायला विसरणारा माणूस भरवशाचा नसतो आणि भरवशाचा माणूस विसरत नाही. बरेच दिवस मी विसरण्यातच अडकले होते. तो विसरलाच नसेल, त्याने ठरवून लावलं नसेल, हे सुचलं आणि शेजारी एकदम उभा राहिला: तारखात्यातला निवृत्त म्हातारा. आयुष्य तारेच्या वेळेवर गेलेलं, रोज संध्याकाळी कचेरीच्या घड्याळाशी खिशातलं घड्याळ जुळवून बघणारा. आणि हाडाचा देशाभिमानी. बाकी पॅरिस करेना का, मी इंग्रजांची वेळ लावणार नाही! तेव्हापासून तो रोज कचेरीत जातो, घड्याळ सेकंदावर जुळवतो आणि मग त्यात 9 मिनिटं 21 सेकंद मिळवतो.

नायिका त्याला भेटते तो प्रसंग मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. ती पूर्वाश्रमीची टेलिफोन ऑपरेटर आहे. तेव्हा पॅरिसमधले कॉल बहुतेक बायकांच्या हातून जोडले जायचे. लग्न, मग वैधव्य, मग एका विमा कंपनीसाठी चौकशीची कामं. ऐकण्याची सवय हे तिचं भांडवल. म्हाताऱ्याकडे ती गोळीबद्दल विचारत नाही, निघताना सहज विचारते, किती वाजले? तो खिशातून घड्याळ काढतो, झाकण उघडतो: साडेचार. खिडकीतून समोरच्या इमारतीचं घड्याळ दिसतंय. त्यात चार वाजून वीस मिनिटं. ती तिकडे बघते. म्हातारा तिची नजर पकडतो आणि म्हणतो, “ते लंडनचे.”

आधीच्या खर्ड्यात इथे दीड पान गणित होतं. आता फक्त हा संवाद आहे आणि सहा ओळी. वाचकाला आधी पुरेसा सुगावा दिलेला असला की गणित त्याचं तो करतो. सुगावा मी दोन ठिकाणी पेरला. म्हातारा पोस्टमनवर डाफरतो, मेला रोज दहा मिनिटं उशिरा येतो. आणि प्रार्थनेला तो नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो. दोन्हीकडे तो फक्त खडूस वाटला पाहिजे. रहस्यकथेत पुरावा लपवायला विनोदासारखी जागा नाही.

इथपर्यंत नुसती रहस्यकथा झाली. मला साहसकथाही हवी होती, म्हणजे कोणीतरी पळायला हवं आणि कोणीतरी मागे जायला हवं. इथे मला तारेने छळलं. समुद्राखालच्या तारा तोवर जगभर पोचल्या होत्या. गुन्हेगार जहाजाने तीन आठवडे प्रवास करणार, तार त्याच दिवशी पलीकडे. नायिकेने तार ठोकायची, तिकडच्या पोलिसांनी धक्क्यावर धरायचं, समाप्त. शिवाय आदल्याच वर्षीचं क्रिपेन प्रकरण होतं. बायकोच्या खुनाचा संशय असलेला डॉक्टर क्रिपेन प्रेयसीला मुलाचा वेष देऊन अँटवर्पहून ‘माँट्रोझ’ने कॅनडाकडे निघाला. कप्तान केंडलने त्याला ओळखलं आणि बिनतारी संदेश धाडला. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ड्यू लिव्हरपूलहून ‘लॉरेंटिक’ या वेगवान जहाजाने निघून आधी पोचला आणि 31 जुलै 1910 ला क्रिपेनला जहाजावरच अटक झाली. तो पाठलाग लोक रोज वर्तमानपत्रात वाचत होते. पत्ता नव्हता तो फक्त क्रिपेनला. आता 1911 मधला पेपर वाचणारा कुठलाही गुन्हेगार यावरून शहाणा झालेला असणार. म्हणून माझा सेक्रेटरी बिनतारी यंत्र नसलेलं, रखडत जाणारं मालवाहू जहाज निवडतो. पण बिनतारी टाळता आलं तरी पलीकडच्या बंदरातली तार टाळता येत नाही.

नायिकेला जहाजावर चढवायचं तर तारेने जाणार नाही असं काहीतरी तिच्याजवळ हवं होतं. ते निघालं बोटाच्या ठशात. व्यापाऱ्याच्या टेबलाच्या खणात, आतल्या बाजूला, रक्तात उमटलेला एक ठसा आहे. ॲलिबाय पक्का म्हणून सेक्रेटरीचे ठसे कोणी घेतलेलेच नाहीत. आता तो निघून गेला. ठशाचा फोटो आहे, बोट अटलांटिकवर. फोटो तारेने पाठवता येतो का? मी शोधत गेले तर 1907 सालीच पॅरिसहून लंडनला तारेवरून चित्र गेलं होतं! क्षणभर सगळं कोसळल्यासारखं वाटलं. पण समुद्राखालच्या तारेने अटलांटिकपलीकडे फोटो जायला विसाचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे 1911 मध्ये फोटो हातानेच न्यायचा. नायिकेची बॅग भरली.

आता तिला पाठवायचं कुठे? यावर मी फारसा विचार केला नाही, कारण उत्तर तयारच होतं: अर्जेंटिना. ठशांचा इतिहास मराठी वाचकाला बहुधा कलकत्त्यापासून माहीत असतो. तिथे 1897 मध्ये ठशांचं कार्यालय निघालं, अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्रीचं लागलं. पण ठशावरून खून उघडकीला आणण्याचा मान त्याआधीचा, 1892 चा, अर्जेंटिनातल्या नेकोचेआ गावचा. आपल्याच दोन मुलांना मारून शेजाऱ्यावर आळ घेणारी फ्रान्सिस्का रोहास दारावरच्या रक्ताळलेल्या ठशाने पकडली गेली. ती पद्धत हुआन वुसेटिच या पोलीस खात्यातल्या माणसाची. आणि पॅरिसमध्ये? तिथे पोलिसांच्या ओळख विभागाचा प्रमुख बर्तियों याचं राज्य. डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, पावलाची लांबी अशा अकरा मापांवर गुन्हेगार ओळखायचा. ठसे घेत होते, पण कार्डांची कपाटं लावलेली मापांच्या क्रमाने. सुटा ठसा हातात घेऊन त्या कपाटांत माणूस शोधणं जवळपास अशक्य. माझा सेक्रेटरी बर्तियोंच्या शहरातून सुटतो आणि थेट वुसेटिचच्या देशात उतरतो. लेखकाच्या नशिबात असा योग क्वचित येतो.

वाचक हे खरं मानतील का, अशी शंका होती. पॅरिससारख्या शहरातले पोलीस इतके बावळट कसे, असं कोणी म्हणेल. तर त्याच वर्षी 21 ऑगस्टला, सोमवारी संग्रहालय बंद असताना, लूव्हरमधून मोनालिसा गेली. चित्राच्या काचेवर अंगठ्याचा ठसा मिळाला. चोर विन्चेन्झो पेरुज्जा याची पोलीस दप्तरात आधीच नोंद होती, तरी त्या ठशावरून तो सापडला नाही. डिसेंबर 1913 मध्ये फ्लॉरेन्सला चित्र विकायला गेला तेव्हा कुठे हाती लागला. शंकेखोरांना मी हेच सांगते.

मोनालिसाला कादंबरीत आणायचा मोह फार झाला. नायिका ऑगस्टअखेर ब्युनॉस आयर्समध्ये असते, तिथल्या पेपरात बातमी येणारच. पण एकदा मोनालिसा पानावर आली की वाचक माझ्या मेलेल्या व्यापाऱ्याकडे कशाला बघेल? शेवटी हॉटेलच्या टेबलावर पडलेल्या पेपरात एक मथळा ठेवला आणि वेटरने त्यावर ट्रे ठेवला. खऱ्या माणसांच्या बाबतीतही तेच धोरण. बर्तियों कादंबरीत येतो तो दारावरच्या पाटीपुरता. मोठी ऐतिहासिक माणसं दोन वाक्यं बोलून जातात तेव्हा मला तरी वाचताना शाळेच्या गॅदरिंगची आठवण होते.

नायिकेला काय कळू शकतं याची कुंपणं घालणं हे कामाचं दुसरं अंग. खणातलं रक्त माणसाचं की जनावराचं, हे 1911 मध्ये सांगता येत होतं. उलेनहुटची ती चाचणी 1901 ची. रक्तगट लँडस्टायनरने त्याच वर्षी मांडले होते, पण वाळलेल्या डागावरून गट काढायची लाटेसची रीत 1915 ची. गोळ्या शेजारी-शेजारी ठेवून बघायचा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक तर विसाच्या दशकात रुळला. त्यामुळे “हे रक्त त्याचंच” असं माझ्या नायिकेला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिला प्रत्येक वेळी माणसाकडे परत जावं लागतं, बोलतं करावं लागतं, ऐकावं लागतं. या जातीच्या कादंबऱ्या आवडतात त्या मला यासाठीच. प्रयोगशाळेचा अहवाल येऊन गुन्हा सुटला की माझा रस संपतो.

आणखी एक मोह सांगते, कारण या काळावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याला बळी पडतो. युद्ध येणार आहे हे आपल्याला माहीत असतं. मग पात्रं उगीच क्षितिजाकडे बघून उसासे टाकतात, “हे जग फार दिवस असं राहणार नाही” असं काहीतरी म्हणतात. 1911 च्या माणसाला 1914 माहीत नाही. त्या उन्हाळ्यात मोरोक्कोतल्या आगादिर बंदरावरून फ्रान्स-जर्मनीत जुंपायची वेळ आली होती, तेव्हा लोक युद्धाबद्दल बोलतच असणार; पण ते पेपरातल्या बातमीबद्दल बोलावं तसं. माझ्या जहाजावर दोन प्रवासी त्यावर पैज लावतात. युद्ध होणार नाही म्हणणारा जिंकतो, बिअरची बाटली घेऊन जातो. युद्धाचा विषय तिथे संपतो.

बाकीचं नेहमीसारखं. पुनर्लेखन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठावरून वाद. वेळा अंकात की अक्षरात यावर मुद्रितशोधकाशी बरीच हुज्जत झाली. संवादात “बारा-दहा” आणि जबाबाच्या कागदात ‘12 वाजून 10 मिनिटे’ असं शेवटी ठरलं. ते कथेच्याही फायद्याचं निघालं, कारण माणसाचं बोलणं आणि दप्तराची नोंद यांतला फरक डोळ्यांना दिसतो. प्रकाशकांच्या संपादकांना मात्र पुस्तकाच्या सुरुवातीला तीन वेळांचा तक्ता हवा होता, वाचक गोंधळेल म्हणून. मी नाही म्हटलं. पहिल्याच पानावर किल्ली दिल्यावर कुलूप कशाला लावायचं? त्यांनी कथेच्या शेवटी, जहाजाच्या डेकवर, नायिकेच्या तोंडी सगळा उलगडा घालायला सुचवलं. तेही नको झालं. समुद्र, संध्याकाळ आणि कठड्याला टेकून व्याख्यान देणारी बाई, हे दृश्य फार वेळा वाचून झालंय.

मधला मार्ग त्यांनीच काढला. सुरुवातीला परिसराचा एक जुन्या वळणाचा नकाशा छापलाय: व्यापाऱ्याचं घर, दोन गल्ल्या, स्टेशन. स्टेशनावर चित्रकाराने दोन घड्याळं काढली आहेत, एक दर्शनी भिंतीवर, एक फलाटावर. दोघांच्या काट्यांत पाच मिनिटांचा फरक आहे. आतापर्यंत ज्यांनी पुस्तक वाचून कळवलं, त्यातल्या बहुतेकांना ती चित्रकाराची चूक वाटली.